दर सहावा सूर गळतोय: गोव्याच्या पावसाळ्यात ज्युनो-१०६ ची दुरुस्ती कुठून सुरू करावी

प्रश्न थोडक्यात असा. म्हापशाच्या एका वादकाकडे रोलँड ज्युनो-१०६ हा सिंथेसायझर आहे. जहाजावर नोकरीला असलेल्या मामांनी तो जपानमधून आणला. नाटकांना आणि जत्रांच्या ऑर्केस्ट्रात तो वाजतो. जूनपासून वाजवताना मध्येच एखादा सूर येतच नाही, आला तर खरखरत येतो, आणि कधी पट्टी सोडली तरी मागे बारीक गुणगुण राहते. एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, आतल्या सहाही चिपा गेल्या, सगळ्या बदला. मग बदलाव्यात, की मशीन विकून लॅपटॉपवर तोच आवाज घ्यावा?

चिपा बदलायच्या की नाही हे नंतर ठरवू. आधी एवढंच शोधायचं आहे की दोष कशाला चिकटलाय: पट्टीला, आतल्या एखाद्या आवाजाच्या क्रमांकाला की हवेला. तिन्हींचं ऐकू येणारं लक्षण जवळजवळ सारखं असतं आणि तिन्हींचा इलाज अगदी वेगळा. यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे: मशीन आधी कुणी उघडलंय का, ते कुठल्या खोलीत असतं, किती व्होल्टवर चालतंय. म्हणून एकच उत्तर न देता तपासणीचा क्रम देतो. हा क्रम उलटा केला की चांगल्या चिपा उगाच उपटल्या जातात, आणि उपटताना बोर्डाची जी नासधूस होते ती चिपेच्या दोषापेक्षा महाग पडते.

ज्युनो-१०६ हा १९८४ चा. पट्ट्या ६१, पण आत आवाज सहाच, म्हणजे एकेक सूर काढणारी सहा स्वतंत्र सर्किटं. पट्टी स्वतः सूर काढत नाही, ती फक्त मागणी नोंदवते. आतला प्रोसेसर तो सूर मोकळ्या आवाजाकडे सोपवतो, आणि पॉली-१ या नेहमीच्या वाजवण्याच्या पद्धतीत ही पाळी एक ते सहा अशी फिरत राहते. त्यामुळे एक आवाज मेला तरी तो ठरावीक पट्टीवर सापडत नाही. या फेरीत पांढरी एकवर गळतो, पुढच्या फेरीत काळी दोनवर. वादकाला वाटतं मशीन लहरी झालंय, प्रत्यक्षात ते अगदी शिस्तीत दर सहावा सूर गाळत असतं.

तपासणीआधी एक काम चुकवू नका. मेमरीत साठवलेली १२८ सेटिंग्ज, म्हणजे ए आणि बी गटांतली ६४-६४, आधी बाहेर काढून ठेवा. मागे कॅसेटसाठीचा सेव्हचा जॅक आहे. तिथून लॅपटॉपच्या लाइन इनमध्ये रेकॉर्ड करा, फाइल वेव्हमध्येच ठेवा. एमपी३ मध्ये दाबलेला डेटा परत वाचला जाईल याची खात्री नसते. मग तीच फाइल लोडच्या जॅकमधून वाजवून व्हेरिफाय करा. व्हेरिफाय झाल्याशिवाय त्या फाइलवर विसंबू नका. मागचं मेमरी प्रोटेक्टचं बटणही चालू ठेवा.

आता कीबोर्डवरचं ट्रान्सपोझचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून मशीन चालू करा. चाचणीची पद्धत सुरू होते आणि पट्टी दाबली की डिस्प्लेवर कुठला आवाज वाजतोय त्याचा क्रमांक दिसतो. कोरस (सूर पसरवणारा इफेक्ट) बंद, रिलीज (पट्टी सोडल्यावर सूर रेंगाळणं) शून्य, सेटिंग साधं. एका कागदावर एक ते सहा असे रकाने पाडा आणि एकेक पट्टी सुटी, सावकाश वाजवत जा. किमान दहा फेऱ्या करा. ऐकू आलेलं शब्दांत लिहा: ठीक, मंद, खरखर, गप्प, थांबत नाही. मशीन थंड असताना एकदा आणि अर्धा तास तापल्यावर एकदा, असे दोन कागद करा.

हा कागद बरंच काही सांगतो. गळणारा सूर प्रत्येक वेळी त्याच क्रमांकावर असेल, समजा चारवर, तर दोष त्या आवाजात आहे. क्रमांक कुठलाही असला तरी तीच पट्टी दगा देत असेल तर पट्टीखालचा संपर्क मळलाय, चिपेचा संबंध नाही. तिथे ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसाची काडी आणि धीर एवढंच लागतं. सहाही क्रमांक सारखेच मंद किंवा खरखरीत असतील तर दोष सामाईक वाटेवर आहे: वीजपुरवठा, कोरस किंवा बाहेर जाणारी वायर. एकाच वेळी सहाही चिपा मरणं शक्य असलं तरी ते क्वचित घडतं. म्हणून "सगळ्या गेल्या" हे निदान मला घाईचं वाटतं. आणि पावसाच्या दिवशी तीन-तीन क्रमांक गळतात, पण उघाड पडल्यावर एकच उरतो, असं असेल तर हवेतला दमट खारेपणा त्यात हात धुऊन घेतोय.

क्रमांक सापडला की त्या आवाजाचे दोन भाग करा. पहिल्या भागात सूर तयार होतो. एक घड्याळ-चिप मोजून ठोके देते आणि एमसी५५३४ए नावाचा तुकडा त्यातून करवती (सॉटूथ), पल्स आणि खालच्या सप्तकातली सब ही तरंगरूपं घडवतो. दुसऱ्या भागात ८००१७ए हा तुकडा: फिल्टर आणि आवाजाची पातळी. आधी फक्त करवती, मग फक्त पल्स, मग फक्त सब ऐका. एकच तरंगरूप गायब असेल तर बोट पहिल्या भागाकडे जातं.

सगळीच गायब असतील तर फिल्टरला शिट्टी घालायला लावा. करवती आणि पल्स बंद, सब आणि नॉइज शून्यावर, रेझोनन्स अगदी वर, फिल्टरची फ्रीक्वेन्सी मधोमध, कीबोर्डचा स्लायडर वर, एन्व्हलप शून्य, व्हीसीए (आवाजाची पातळी सांभाळणारा भाग) गेटवर, एचपीएफ (खर्ज कापणारा फिल्टर) १ वर. एचपीएफ १ यासाठी की १०६ मध्ये शून्यावर तो खर्ज उचलतो, १ वर सपाट असतो. आता पट्ट्या वाजवल्या की फिल्टर स्वतःच शुद्ध शिट्टी वाजवतो, सूर बनवणाऱ्या भागाचा यात काही हात नसतो. चार नंबर शिट्टी घालत असेल तर त्याचा ८००१७ए जिवंत आहे आणि दोष आधीच्या टप्प्यावर. शिट्टीही नसेल, किंवा ती फुटकी, खरखरीत असेल, तर ८००१७ए किंवा त्याचे सोल्डरचे सांधे. सहा शिट्ट्यांचे सूर एकमेकांशी थोडे चुकत असतील तर घाबरू नका, तो जुळणीचा प्रश्न आहे.

आता विजेकडे वळू, कारण तुमचं मशीन जपानचं आहे. मशीनच्या मागच्या पत्र्यावर १०० व्होल्ट लिहिलेलं असणार. बाजारात सहज मिळतो तो २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर, आणि बहुतेक जण तोच जोडतात. हिशोब करून बघा. घरात २४५ व्होल्ट आले की तो ट्रान्सफॉर्मर ११७ देतो, म्हणजे मशीनला हवं त्याहून १७ टक्के जास्त. ते जास्तीचं रेग्युलेटरमध्ये उष्णता होऊन जळतं, कॅपॅसिटर शेकतात आणि आत कायम भट्टी राहते. चाळीस वर्षांच्या मशीनला हे सोसत नाही. २३० चे १०० करणारा, १०० व्हीएचा ट्रान्सफॉर्मर बांधून घ्या आणि त्याच्या आधी स्टॅबिलायझर लावा. जत्रेत जनरेटरवर वाजवता तेव्हा तर स्टॅबिलायझरशिवाय प्लग लावूच नका.

उघडायची तयारी असेल तर प्लग काढून, थोडा वेळ थांबून पॅनेल उघडा. ते झाकणासारखं वर उचललं जातं. मग मल्टिमीटरने पुरवठा मोजा: अधिक १५, उणे १५ आणि अधिक ५. पंधराचे दोन्ही १४.५ ते १५.५ मध्ये बसले पाहिजेत, आणि दोघांत मोठी तफावत नको. मीटर एसीवर ठेवून त्याच जागी पुन्हा मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर चालेल, दहांच्या पटीत दिसले तर फिल्टर कॅपॅसिटर दमलेत, आधी ते बदला. हे मोजताना मशीन चालू असतं आणि ट्रान्सफॉर्मर, स्विच, फ्यूज या भागात थेट वीज खेळते. विजेचं काम हातात बसलेलं नसेल तर एवढा भाग जाणत्या माणसाकडून करून घ्या. याच वेळी मेमरीची बॅटरीही मोजा. ती सीआर२०३२ प्रकारची, पाय सोल्डर केलेली असते. २.७ व्होल्टच्या खाली असेल तर काढा आणि त्या जागी होल्डर बसवा. सेटिंग्ज बाहेर काढून ठेवायला आधी सांगितलं ते यासाठीच, कारण बॅटरी काढली की मेमरी पुसली जाते.

इथवर येऊन दोष ८००१७ए वरच ठरला तर तो का मरतो ते समजून घ्या, इलाज त्यातूनच निघतो. ही एक चिप नव्हे. एका छोट्या बोर्डावर आयआर३१०९ हा फिल्टर, बीए६६२ हे अॅम्प्लिफायर आणि बारीक सुटे भाग बसवून वरून काळ्या लेपात बुडवलेला तो तुकडा आहे. आतले भाग सहसा ठणठणीत असतात, बिघडतो तो लेप. वर्षांनुवर्षं तो ओलावा धरतो आणि थोडा थोडा वीजवाहक होतो. फिल्टरला हुकूम देणारे प्रवाह मायक्रोअँपिअरच्या पातळीचे असतात, त्यामुळे लेपातून झिरपणारा नगण्य प्रवाहसुद्धा त्यांना पुरून उरतो. कधी फिल्टर उघडत नाही, कधी व्हीसीए बंद होत नाही आणि तुम्ही म्हणता ती गुणगुण मागे राहते. कोरड्या हवेत तग धरलेला तुकडा आपल्याकडे जुलैत मान टाकतो तो याचमुळे. पहिल्या ज्युनोंमध्ये, म्हणजे १९८२ च्या ज्युनो-६० मध्ये, हेच भाग लेपाविना सुटे बसवलेले आहेत, म्हणून तो जास्त टिकाऊ. पण त्याला मिडी (दुसऱ्या वाद्याशी किंवा लॅपटॉपशी जोडणी) नाही.

लेप काढला की पुष्कळ तुकडे परत बोलू लागतात. सगळेच नाही. त्यासाठी तुकडा बोर्डावरून सोडवावा लागतो, आणि खरी जोखीम इथेच आहे. प्रत्येक पायावर आधी थोडं नवं सोल्डर चढवा, जुनं त्यात मिसळून नीट वितळतं. सोल्डरिंगची इस्त्री ३२० ते ३५० अंश, एका पायावर दोन-तीन सेकंदांहून जास्त नाही, मग पंपाने ओढा. पाय भोकात सुटा हलतोय याची चिमट्याने खात्री करा आणि सगळे हलल्याशिवाय तुकडा ओढू नका. ओढाताण केली की भोकाचं तांबं सोबत येतं. परत बसवताना थेट सोल्डर न करता सॉकेट बसवा, पुढच्या वेळी हा ताप वाचेल.

लेप सुटतो तो अॅसिटोनमध्ये भिजवून, आणि अॅसिटोन शुद्ध हवं. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत तेल आणि पाणी असतं, ते चालणार नाही. गोव्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही. फायबरच्या होड्या बांधणारे रेझिन पुसायला हेच वापरतात, त्यांना रेझिन पुरवणाऱ्या दुकानात विचारा. झाकण असलेल्या काचेच्या बरणीत तुकडा पूर्ण बुडेल एवढं घाला, २४ ते ४८ तास ठेवा. प्लास्टिकचं भांडं विरघळेल. बरणी स्वयंपाकघरात नको, देव्हाऱ्यातल्या समईजवळ नको. वाफ चटकन पेट घेते. मोकळ्या हवेशीर सावलीत ठेवा. लेप मऊ होऊन साल सुटते तसा सुटू लागला की लाकडी टूथपिकने हलक्या हाताने काढा. सुरी, पिन, ब्लेड काही नको: आतले भाग मोहरीएवढे आहेत आणि एक उडाला की तुकडा संपला. निघत नसेल तर ओरबाडू नका, आणखी एक दिवस भिजू द्या.

पावसाळ्यात इथे एक घोळ होतो. अॅसिटोन उडताना तुकडा गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावर दव म्हणून बसतं. कधी पांढुरकी झाक दिसते. म्हणून बाहेर काढल्यावर आयसोप्रोपिलने धुवा आणि सिलिका जेल घातलेल्या बंद डब्यात एक रात्र ठेवा. तसाच ओला बसवला तर तो खरखरेल आणि तुम्ही समजाल इलाज फसला.

नवा तुकडा की धुतलेला जुना? कोरड्या गावात मी धुतलेलाच सुचवला असता. किनाऱ्याजवळ मात्र उघडे भाग खाऱ्या हवेत राहतात. धुतलेला तुकडा महिनाभर नीट चालला तर त्यावर इलेक्ट्रॉनिक्सचा अॅक्रिलिक लेप पातळ फवारावा. धुऊनही उठला नाही तर नव्याने बनवलेले पर्यायी तुकडे परदेशातून मागवता येतात. एकच मेला असेल तर दोन मागवा, एक कपाटात असू द्या. सहा मागवायची गरज कागदावर सिद्ध झाली तरच सहा. तुकडा बसवल्यावर त्या आवाजाचे ट्रिमर (बोर्डावरचे जुळणीचे बारीक स्क्रू) जुळवावे लागतात, नाहीतर तो इतर पाचांत उपरा ऐकू येतो. ट्रिमर फिरवण्याआधी मूळ जागेवर बारीक पेनने रेघ मारा आणि जुळणी सर्व्हिस मॅन्युअलच्या क्रमानेच करा. कानाने अंदाजे नको.

स्लायडर खरखरत असतील तर फेडरसाठी बनवलेलं क्लीनरच घाला. गंज सोडवायचं तेल आत गेलं की ते धूळ धरून बसतं आणि चार महिन्यांनी स्लायडर चिकटतो. पावसाळ्यात मशीन प्लास्टिकच्या आवरणात बांधून ठेवू नका, आत घाम धरतो. सुती कापड वर, बाजूला आर्द्रतामापक, आणि एक दिवसाआड तासभर चालू. आतली मंद ऊबच त्याला कोरडं ठेवते. एसी गाडीतून किंवा एसी खोलीतून उघड्या मांडवात आणलं तर पाऊण तास बंदच ठेवा. गार पत्र्यावर दव धरतं आणि त्या स्थितीत चालू केलं की निरोगी आवाजही गळू लागतात.

आता विकायचं का. तुमच्या कामात तो काय करतो यावर हे ठरतं. ज्युनोत प्रत्येक आवाजाला एकच ऑसिलेटर (सूर निर्माण करणारा भाग). १९८१ च्या ज्युपिटर-८ ला दोन होते. त्याच ज्युपिटरवर वादक चरणजित सिंगांनी १९८२ मध्ये मुंबईत डिस्को ठेक्यावर राग वाजवले. एका ऑसिलेटरची उणीव ज्युनोत कोरस भरून काढतो: मूळ सूर आणि किंचित हलणारी त्याची सावली डाव्या-उजव्या बाजूंना पसरते. म्हणून ऐंशीच्या दशकातल्या पॉपपासून पुढच्या इलेक्ट्रॉनिक नाचगाण्यापर्यंत तो मागचा पडदा म्हणून टिकला. कोरस लावल्यावर येणारी बारीक सळसळ त्याची प्रकृतीच आहे, तिच्यावर दुरुस्ती करू नका. पट्टी जोरात दाबली की आवाज मोठा, हे यात नाही. तुमचा हात पियानोचा असेल तर लॅपटॉप किंवा नवं कीबोर्ड जास्त उपयोगी पडेल. रोलँडचंच छोटं जेयू-०६ए घ्यायचा विचार असेल तर त्यात आवाज चारच, दोन्ही हातांनी भरलेली कॉर्ड धरली की कमी पडतात.

पण नाटकाच्या पदांना आणि आरत्यांना मागून धरायला हा ज्युनो मला आजही फार आवडतो, आणि तो चालता ठेवण्यासारखा आहे. सूर क्वार्ट्झच्या मोजणीवर असल्याने तापला तरी ढळत नाही. पेटी ४४० हर्ट्झवर नसेल तर मागचा ट्यूनचा नॉब फिरवून एकदा मिळवला की प्रयोगभर मिळालेला राहतो. गायकाची पट्टी बदलली तर ट्रान्सपोझ धरून हवी ती पट्टी दाबा. मात्र पदाच्या मागे पूर्ण मेजर कॉर्ड धरू नका. कीबोर्डचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा असतो आणि गायक तिथे ठेहराव घेतो तेव्हा दोन्ही भांडतात. पंचमात फरक जेमतेम दोन सेंटचा, म्हणून षड्ज-पंचमच धरा आणि गंधार गळ्याला मोकळा सोडा.

आवाज असा लावा: फक्त पल्स, रुंदी एलएफओने (सावकाश झुलवणाऱ्या ऑसिलेटरने) हळू हलती, सब ३, फिल्टर ५, रेझोनन्स १, अटॅक ४, सस्टेन ८, रिलीज ५, कोरस १. घुमट, म्हणजे गोव्याचं मातीचं तालवाद्य, आरतीच्या मागे असेल तर सब शून्य आणि एचपीएफ २. घुमटाचा घुमारा खालच्या सुरांत असतो, तिथे ज्युनोने गर्दी केली की चामड्याची थाप बुजते.

थंड आणि तापलेल्या मशीनचे दोन्ही कागद भरून झाले की इथेच लिहा: कुठला क्रमांक, शिट्टी आली का, मागच्या पत्र्यावर किती व्होल्ट, आणि त्या दिवशी बाहेर पाऊस होता का.